लांब्रुस्को न्यायची, पण कुठली?

वाचकाचं पत्र:

ताई, मी मूळची साताऱ्याची, शिक्षण पुण्यात झालं. सध्या इटलीत मोदेनाला गाड्यांच्या एका कंपनीत डिझाइन इंजिनिअर आहे. टीममधल्या एकाच्या आईनं येत्या रविवारी दुपारी जेवायला बोलावलंय आणि ‘लांब्रुस्को तू आण’ असा निरोप आलाय, म्हणजे इथली फसफसती लाल वाईन. उन्हाळ्यात ऑफिसच्या पार्टीला मी सुपरमार्केटमधून एक लांब्रुस्को नेली होती. ती इतकी गोड निघाली की सगळे गालातल्या गालात हसले. मला ती आवडली होती, पण हे कुणाला बोलले नाही. मी शाकाहारी आहे, अंडं-दूध चालतं, वाईन कधीमधी घेते. रविवारी कुठली बाटली नेऊ आणि ती कशाबरोबर प्यायची? दिवाळीत याच मंडळींना घरी बोलावायचं मनात आहे. आपल्या जेवणाबरोबर ही वाईन चालेल का? तेव्हा आईही आलेली असेल. ती पीत नाही, आणि मी घेते हे तिला माहीत नाही.
– मोदेनातली सातारकर

प्रिय सातारकर,

गोड लांब्रुस्को आवडली तर आवडली. त्यात लपवण्यासारखं काही नाही. ते हसले त्यामागे मात्र एक जुनी ठसठस आहे, ती तुला कळली तर रविवारी बरं पडेल.

तू राहतेस तो एमिलियाचा पट्टा, म्हणजे मोदेना, रेज्जो एमिलिया आणि पार्मा, हे या लाल फसफसत्या वाईनचं माहेर. शेजारी लोम्बार्दीत मान्तोवाकडेही ती होते. इथली माणसं पिढ्यानपिढ्या रोजच्या जेवणाबरोबर कोरडी, म्हणजे जिच्यात साखर जवळजवळ उरलेली नाही अशी लांब्रुस्को पीत आली. पण 1970 च्या दशकापासून रेज्जो एमिलियाच्या ‘रिउनिते’ या सहकारी संस्थेची गोडसर लांब्रुस्को अमेरिकेत अशी काही खपली, की वर्षानुवर्षं तिथे बाहेरून येणाऱ्या वाइन्समध्ये तिचा पहिला नंबर होता. बर्फ घालून प्या, अशा जाहिराती असायच्या. पैसा आला, नाव गेलं. जगभरातल्या वाईनवाल्यांनी लांब्रुस्को म्हणजे पोरासोरांचं गोड पेय अशी समजूत करून घेतली, आणि मोदेनातली माणसं ती समजूत आजही खोडत बसली आहेत. त्यात परदेशातून आलेल्या मुलीनं त्यांच्याच पार्टीत गोड बाटली ठेवली! हसणं तुझ्यावर कमी आणि त्या इतिहासावर जास्त होतं, असं मी तरी धरून चालेन.

आता बाटली. कुठली घ्यायची हे ठरवण्याआधी ही वाईन मुळात अशी का आहे ते बघ, म्हणजे दुकानात मांडणीसमोर उभं राहिल्यावर माझ्या चिठ्ठीची गरज पडणार नाही.

इटलीच्या दक्षिणेत स्वयंपाक ऑलिव्ह तेलावर चालतो, एमिलियात तो डुकराच्या चरबीवर आणि लोण्यावर चालतो. पार्माचं प्रोश्युत्तो, बोलोन्याची मोर्तादेल्ला, मोदेनाचं झाम्पोने, सालामीचे नाना प्रकार, असं सगळं डुकराचं खारवलेलं, भरलेलं मांस, वर पार्मिजानो चीजचे डोंगर. असं ओशट, खारट, भारी जेवण दुपारी दोन-दोन तास चालतं. त्यावर ओकच्या पिंपात मुरलेली जड, तुरट लाल वाईन घेतली तर दुसऱ्या घासालाच माणूस थकेल. लांब्रुस्को नेमकी उलट आहे. आंबटपणा भरपूर, दारूचं प्रमाण कमी (कोरडीत साधारण 11 टक्क्यांच्या आसपास, गोडात त्याहूनही कमी), थंड प्यायची आणि वर बुडबुडे. आंबटपणा ओशटपणा कापतो, बुडबुडे जिभेवरचा थर खरवडून नेतात, किंचित तुरटपणा तोंड कोरडं करतो, आणि पुढचा घास पहिल्या घासासारखा लागतो. या वाईनचं सगळं शहाणपण इथे आहे: ती स्निग्धासाठी घडली आहे. ताटात तूप, लोणी, चरबी, तळण, जुनं चीज यांपैकी काही असेल तर लांब्रुस्को उघड. यांपैकी काहीच नसेल तर ती नुसती आंबट लागते, आणि मग लोक म्हणतात की लांब्रुस्कोत काही दम नाही.

बुडबुडे येतात कुठून? पूर्वी थंडी पडली की द्राक्षरसाचं आंबणं अर्ध्यावर थांबायचं, थोडी साखर उरायची. तशीच बाटली भरली की वसंतात ऊब आल्यावर ती आतल्या आत पुन्हा आंबायला लागायची आणि वायू कोंडला जायचा. काही उत्पादक आजही असंच करतात. अशा बाटलीच्या तळाशी गाळ बसतो आणि वाईन गढूळ दिसते. बहुतेक लांब्रुस्को मात्र आता मोठ्या बंद स्टीलच्या टाक्यांमध्ये दुसऱ्यांदा आंबवतात. ही रीत 1895 मध्ये फेदेरिको मार्तिनोत्ती या इटालियन माणसानं काढली आणि 1907 मध्ये शार्मा या फ्रेंच माणसानं सुधारली. जगात नाव फ्रेंच माणसाचंच जास्त झालं, म्हणून तुझ्या सहकाऱ्यांसमोर ‘शार्मा पद्धत’ म्हणण्याआधी मार्तिनोत्तीचं नाव घे. इंजिनिअर मंडळी आहेत, खूश होतील.

लांब्रुस्को हे एका द्राक्षाचं नाव नाही, ते अख्खं कूळ आहे, आणि त्यातल्या बहिणींचे स्वभाव चांगलेच वेगळे आहेत. तुला तिघींशी ओळख पुरे.

पहिली सोर्बारा. मोदेनाच्या उत्तरेला, सेक्किया आणि पानारो या दोन नद्यांमधल्या सपाट जमिनीत होते. या वेलीचं एक दुखणं आहे: तिच्या फुलांतले पराग निरुपयोगी असतात. म्हणून शेजारी दुसऱ्या जातीची लांब्रुस्को लावावी लागते, तरीही घोसातली बरीच फुलं फळ धरत नाहीत. घोस विरळ, पीक कमी. पण जी द्राक्षं होतात त्यांची वाईन फिकी, गुलाबीकडे झुकणारी, कमालीची आंबट आणि सुवासिक असते. स्ट्रॉबेरी, फुलं, संत्र्याची साल असं काहीतरी नाकाला जाणवतं. पहिल्यांदा पिणाऱ्याला ती फार धारदार वाटते. मला तिघींत हीच सर्वांत हुशार वाटते, पण हा माझा पक्षपात समज.

दुसरी ग्रास्पारोस्सा. ही मोदेनाच्या दक्षिणेला कास्तेल्वेत्रोच्या टेकड्यांवरची. रंगानं गडद जांभळी, अंगानं भरलेली, तिघींत सर्वांत तुरट. आलुबुखार, काळी चेरी आणि शेवटी कडसर चव. उन्हाळ्यात तू नेलेली गोड बाटली बहुधा हिच्याच घराण्यातली असणार, कारण तुरटपणा झाकायला गोडवा बरा पडतो म्हणून हिची गोड रूपं बाजारात बरीच दिसतात. तिसरी सालामीनो, कार्पीजवळच्या सान्ता क्रोचेची. घोस छोट्या सालामीसारखा लांबट आणि गच्च असतो, त्यावरून हे नाव पडलं. स्वभाव दोघींच्या मधला, कुणालाही पटकन आवडणारा. या तिन्ही वाइन्सना 1970 मध्ये डीओसी म्हणजे सरकारमान्य मूळस्थानाचा दर्जा मिळाला. रेज्जानो, मान्तोवानो वगैरे आणखी आहेत, ते सावकाश बघ.

आता लेबलावरची मेख, जिथे तू उन्हाळ्यात फसलीस. ‘सेक्को’ म्हणजे कोरडी, ‘आमाबिले’ म्हणजे गोडसर, ‘दोल्चे’ म्हणजे गोड. मधे ‘सेमीसेक्को’ किंवा ‘आब्बोक्कातो’ असतं, म्हणजे जराशी गोड. इथवर सोपं. पण बाटली ‘फ्रित्सान्ते’ म्हणजे हलक्या बुडबुड्यांची आहे की ‘स्पुमान्ते’ म्हणजे पूर्ण दाबाची, त्यावर त्याच शब्दाचं माप बदलतं. फ्रित्सान्तेवर ‘सेक्को’ लिहिलं असेल तर लिटरला फार तर 15 ग्रॅम साखर. स्पुमान्तेवर ‘सेक्को’ असेल तर 17 ते 32 ग्रॅम, म्हणजे जीभ तिला चक्क गोडसर म्हणेल! स्पुमान्तेत कोरडी हवी असेल तर ‘ब्रुत’ शोध. हा घोळ बऱ्याच इटालियनांनाही ठाऊक नसतो, तेव्हा रविवारी या माहितीवर तुला भाव खाता येईल.

रविवारसाठी माझं मत विचारशील तर दोन बाटल्या ने: एक सोर्बारा आणि एक ग्रास्पारोस्सा, दोन्ही कोरड्या. त्याआधी सहकाऱ्याला सहज विचार, आईचं माहेर कुठलं. या लोकांचा आपापल्या गावच्या लांब्रुस्कोवर जीव असतो. कास्तेल्वेत्रोकडच्या माणसाला सोर्बारा म्हणजे रंगीत पाणी वाटतं, आणि सोर्बाराकडच्याला ग्रास्पारोस्सा म्हणजे शाई. माहेर कार्पीकडचं निघालं तर एक बाटली सालामीनोची कर. दोन बाटल्या नेल्यास की जेवण होईपर्यंत त्यांना वाद घालायला विषय मिळेल आणि तू सुखानं जेवशील.

सुपरमार्केटमध्ये जाऊ नकोस, एखाद्या एनोतेकात जा, म्हणजे वाईनच्याच दुकानात. बऱ्यापैकी बाटली दहा-पंधरा युरोंत येते आणि या वाईनवर त्याहून जास्त खर्च करायची सहसा गरज नसते. नावंच हवी असतील तर मोदेनात 1860 मध्ये सुरू झालेलं क्लेतो क्यार्ली हे जुनं घराणं आहे. पाल्त्रिनिएरी यांची ‘रादीचे’ ही बाटलीत आंबवलेली, गाळाची सोर्बारा आहे. रेज्जोकडचे मेदिची एर्मेते यांची ‘कोन्चेर्तो’ कोरडी आणि भरदार असते. रादीचेसारखी गाळाची बाटली घेतलीस तर ती आदल्या दिवसापासून फ्रिजमध्ये उभी ठेव, बसच्या धक्क्यांत हलवू नकोस आणि उघडताना हात सावकाश चालव. नाहीतर त्या बाईंच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर तुझी सही उमटेल. साधी फ्रित्सान्ते त्यामानानं सोशिक असते. सोर्बारा 8 ते 10 अंशांवर, ग्रास्पारोस्सा जरा कमी थंड, 12 ते 14 अंशांवर प्यावी. म्हणजे सोर्बारा फ्रिजमधून थेट टेबलावर, आणि ग्रास्पारोस्सा वीस-एक मिनिटं आधी बाहेर. बर्फ नको. उंच, अरुंद शॅम्पेनचे ग्लास नकोत, साधा वाईनग्लास किंवा पाण्याचा ग्लासही चालतो. आजोबा असतील आणि त्यांनी पांढऱ्या वाडग्यात लांब्रुस्को ओतून घेतली, किंवा सरळ गरम सूपमध्ये ओतली, तर दचकू नकोस. पार्मा-मान्तोवाकडची ती जुनी रीत आहे आणि थंडीत ते सूप फार चांगलं लागतं असं म्हणतात. तुला ते चाखता येणार नाही, कारण ते मांसाचं असतं.

आणि आता त्या गोष्टीकडे येते जिच्याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस. रविवारी तुझी अडचण वाईनची होणार नाही, ती चरबीची होणार आहे. मघाशी म्हटलं तसं, या वाईनचं घराणंच डुकराच्या चरबीवर पोसलेलं आहे, आणि ती चरबी तुला दिसणार नाही अशा ठिकाणी असते.

न्योक्को फ्रित्तो घे. मैद्याच्या पिठाचे तळून फुगवलेले चौकोन, बघताच पुरी आठवून तू हात पुढे करशील. पारंपरिक घरात ते ‘स्त्रुत्तो’त तळतात, म्हणजे डुकराच्या वितळवलेल्या चरबीत. पिठातही ती असू शकते. तिजेल्ले नावाच्या छोट्या गोल भाकऱ्यांमध्ये भरायला जी पांढरी चटणी ठेवतात ती चरबी, लसूण आणि रोझमेरी वाटून केलेली. रेज्जोचं एर्बात्सोने म्हणजे कवचात पालेभाजी भरून भाजलेला पदार्थ, नावावरून शंभर टक्के आपला वाटतो, पण त्यात बहुतेकदा पान्चेत्ता किंवा लार्दो, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस किंवा चरबी असते आणि कवचात स्त्रुत्तो. तोर्तेल्लीनी या छोट्या भरलेल्या पास्त्याच्या पोटात तर मांस असतंच आणि ज्या रश्श्यात ते पोहतात तोही मांसाचा. ‘चवीपुरतं आहे, त्याला काय मांस म्हणायचं?’ हे वाक्य तुला ऐकू येईलच, आणि ते मनापासून म्हटलेलं असेल.

पार्मिजानोबद्दल बहुधा तुला कुणी सांगितलं नसेल. पार्मिजानो रेज्जानोच्या नियमांत वासराच्या पोटातलं, दूध गोठवणारं रेनेट, तिकडे ज्याला ‘काल्यो’ म्हणतात, तेच वापरावं लागतं. वनस्पतीचं चालत नाही. म्हणजे काटेकोर अर्थानं तो शाकाहारी नाही. तू आजवर पास्त्यावर किसून खात आली असशील. पुढे खायचं की नाही हे तू ठरव, मी त्यावर काही बोलणार नाही. बरेच शाकाहारी मराठी लोक तिकडे हा प्रश्न स्वतःला विचारतच नाहीत आणि सुखात असतात. विचारणार असशील तर दुकानात ‘काल्यो वेजेताले’ किंवा ‘काल्यो मिक्रोबिको’ लिहिलेलं चीज शोध. वाईनही कधीकधी जिलेटिन किंवा माशाच्या पदार्थानं नितळ करतात. ‘वेगान’ छापलेल्या बाटल्या मिळतात, आणि न गाळलेल्या गढूळ बाटल्यांमध्ये हा प्रश्न बहुधा येत नाही. तुला एवढ्या बारकाव्यात जायचं नसेल तर सोडून दे.

म्हणून आजच त्या बाईंना मेसेज कर. सहकाऱ्यामार्फत नको, पुरुष मंडळी असले निरोप अर्धेच पोचवतात. ‘सोनो वेजेतारियाना, निएन्ते कार्ने, निएन्ते स्त्रुत्तो, ग्रात्सिए’, म्हणजे मी शाकाहारी आहे, मांस नको, स्त्रुत्तो नको, आभार, एवढं पुरे. लाजू नकोस. पाहुणी चार पदार्थ बाजूला सारून उपाशी बसली हे त्या बाईंना मेसेजपेक्षा फार जास्त लागेल. एमिलियातल्या बायकांना शाकाहारी पाहुण्याला काय घालायचं ते नीट ठाऊक असतं, फक्त आधी सांगावं लागतं. रिकोत्ता हे मऊ चीज आणि पालेभाजी भरलेले तोर्तेल्ली लोणी आणि सेजच्या पानांबरोबर करतील. मान्तोवाच्या पद्धतीचे भोपळ्याचे तोर्तेल्ली मिळाले तर नशीबवान आहेस, गोड भोपळ्यात कडवट बदामाची बिस्किटं आणि मोहरीच्या झणक्याचा फळांचा मुरंबा घालतात. तिजेल्ल्यांमध्ये स्क्वाक्वेरोने हे मऊ, वाहतं चीज आणि रुकोलाची पानं. सोबत व्हिनेगरमधल्या भाज्या. या सगळ्यांत चीज आणि लोणी भरपूर, त्यामुळे लांब्रुस्कोला काम मिळतंच. लोण्यातल्या तोर्तेल्लींबरोबर सोर्बारा घे. भोपळ्याच्या तोर्तेल्लींना सोर्बारा फार तोडून टाकते, तिथे सालामीनो किंवा ग्रास्पारोस्सा. पार्मिजानो खाणार असशील तर चोवीस महिन्यांपुढचा, ज्यात दाताखाली पांढरे खडे कुरकुरतात, तो ग्रास्पारोस्साबरोबर खाऊन बघ. जुन्या चीजच्या खारटपणासमोर तिचा तुरटपणा मऊ होतो आणि फळाची चव वर येते. चीज आणि लाल वाईन हे समीकरण जितकं गाजलंय तितकं दर वेळी जमत नाही, इथे ते नक्की जमतं.

जाण्यायेण्याचं आधी ठरव. इटलीत गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे, पण लायसन्स मिळून तीन वर्षं झाली नसतील तर ती शून्य. तू तिकडे जाऊन गेल्या तीन वर्षांत नव्यानं परीक्षा दिली असशील तर तू शून्यवाल्यांत मोडतेस. बस किंवा सहकाऱ्याची गाडी.

दिवाळी. इथे मला आनंदानं सांगावंसं वाटतं की तू योग्य वाईनच्या गावात राहतेस. आपला फराळ म्हणजे तळण आणि मीठ, आणि लांब्रुस्कोला दोन्ही हवंच असतं. चकली आणि लोण्याचा गोळा, सोबत गार सोर्बारा: हे मी मोदेनातल्या कुठल्याही टेबलावर न संकोचता ठेवेन. कडबोळी, शेव, भाजणीचं थालीपीठ, कोथिंबीर वडी, बटाटेवडा, सगळ्यांना तीच. साबुदाणावडा दह्याबरोबर देणार असशील तर उत्तमच. अळूची पानं तिकडे मिळणं कठीण, पण एर्बात्सोनेत घालतात ती ‘बिएतोला’ची पानं मंडईत ढिगानं असतात, त्यांची वडी छान होते. अळूवडीतल्या चिंचगुळाला मात्र कोरडी वाईन साथ देत नाही. तिथे आमाबिले ग्रास्पारोस्सा उघड, तीच तुझी उन्हाळ्यातली हसण्यावारी गेलेली बाटली. या वेळी हसायची वेळ तुझी. गुळाच्या आमटीलाही तीच चालेल.

जेवणात भरली वांगी कर. दाणे, तीळ, खोबरं, गोडा मसाला, वर तेलाचा तवंग, आणि शेजारी कोरडी ग्रास्पारोस्सा. वांग्याची किंचित कडू साल आणि वाईनचा कडसर शेवट यांचं जमतं. वरण-भात-तूप-लिंबू साधं वाटेल, पण तुपाशी आणि लिंबाशी सोर्बाराचं नातं सरळ आहे. आंबट पदार्थाला त्याच्याइतकीच आंबट वाईन लागते, नाहीतर वाईन बेचव होते. इटालियन पाहुण्यांना गरम भातावर तूप सोडलेलं बघून लोणी घातलेला रिसोत्तो आठवेल आणि ते दुसऱ्यांदा भात मागतील.

तिखटापाशी मात्र थांब. तू साताऱ्याची, हात सढळ असणार. बुडबुड्यांतला कार्बन डायऑक्साइड जिभेला स्वतःच टोचतो, त्यावर मिरची पडली की झोंबणं वाढतं, आणि ग्रास्पारोस्साचा तुरटपणा त्यात भर घालतो. मिसळ, ठेचा, वड्याबरोबरची लाल लसणाची चटणी यांच्याबरोबर कोरडी लांब्रुस्को देऊ नकोस. गोडसर बाटली थोडं सावरते, पण खरं तर तिथे ताकच द्यावं. ठेचा बाजूला वाटीत ठेव, ज्याला धाडस करायचंय तो करेल.

गोडाचंही तसंच. श्रीखंड, करंजी, लाडू यांच्यापुढे कोरडी वाईन व्हिनेगरसारखी लागते. दोल्चे ग्रास्पारोस्सा पुरणपोळीबरोबर चालते असं कुणी सांगेल. मी सांगणार नाही. पुरणपोळीवर तूप असतं, सोबत कटाची आमटी असते, तिला आणखी कुणाची गरज नाही. गोडाच्या वेळी ग्लास उचलून घे आणि कॉफी ठेव.

राहिली आई. इथे माझा आवाज जरा कडक होईल.

ती यायच्या आधी फोनवर सांग. ती घरात असताना पाहुणे येतील, त्यांच्यातलं कुणीतरी बाटली घेऊनच येईल, कारण तिकडे रिकाम्या हातानं येत नाहीत, आणि मग तुझ्यासमोर ग्लास ठेवला जाईल. त्या क्षणी आईला कळणं हे तिच्यावर अन्यायाचं आहे. परक्या भाषेत बोलणाऱ्या चारचौघांसमोर तिला चेहरा सांभाळावा लागेल. तिला राग आलाच तर तो साताऱ्यात, स्वतःच्या घरात, फोन आपटायची सोय असताना येऊ दे. लांबलचक समर्थन देऊ नकोस, ‘इकडे सगळेच घेतात’ हे तर मुळीच म्हणू नकोस, कारण त्यावर आईचं उत्तर तुला पाठ आहे. जेवताना कधीतरी एक ग्लास घेते, एवढं खरं सांग आणि तिला बोलू दे.

पाहुणे लक्ष्मीपूजनाला बोलावू नकोस. पणत्या, पूजा, आई आणि बाटली हे सगळं एका संध्याकाळी कशाला? भाऊबीज होऊ दे, त्यानंतरचा रविवार धर. फराळ तेव्हाही शिल्लक असतो. वाईन देवाच्या कोनाड्यापासून लांब, जेवणाच्या टेबलावर ठेव, आणि आईच्या जागेवर वाईनग्लास मांडू नकोस. कुणी आग्रह केला तर ‘मम्मा नॉन बेवे’ असं तू सांग, तिला हातवारे करायला लावू नकोस.

आणि तिच्यासाठी ‘साबा’ची एक बाटली आणून ठेव. न आंबवलेला द्राक्षरस मंद आचेवर आटवून करतात तो हा पातळ, काळसर, गोड पाक. चक्क द्राक्षांची काकवी! साताऱ्याच्या बाईला ती समजावून सांगावी लागणार नाही. दारूचा थेंब नाही, आणि द्राक्षं बऱ्याचदा त्याच शेतांतली असतात. पोळीवर, रिकोत्तावर, व्हॅनिला आइस्क्रीमवर घालून दे. त्याच आटवलेल्या रसातून पुढे मोदेनाचं पारंपरिक बाल्सामिको व्हिनेगर होतं, किमान 12 वर्षं लाकडी पिंपांत मुरवून. ते 100 मिलिलिटरच्या ज्या ठरावीक गोल पोटाच्या बाटलीत विकतात ती जोर्जेत्तो जुजारोनं डिझाइन केली आहे, हो, तोच, गाड्यांचा डिझायनर. तुझ्या ऑफिसातल्या कुणाला हे माहीत आहे का विचारून बघ. किंमत मात्र बघून घे आणि आईला सांगू नकोस.

रविवारच्या मेसेजचं आजच बघ. बाटल्या शनिवारी घेतल्या तरी चालतील.

– तुझी ताई